कठड्याजवळची जागा

सोयाबीनच्या शेंगा वाळल्या की जरा वारा सुटला तरी शेतात खुळखुळ ऐकू येते. मोताळ्यात सध्या ती ऐकू येते आहे. गावाबाहेर मळणीयंत्रं लागली आहेत, भुसा उडतो आहे, सकाळी ओटा झाडला तरी दुपारपर्यंत त्यावर पिवळट थर बसतो. बाबा शेतात मळणीयंत्राजवळ उभे आहेत. काम करायला नाही, पाळत ठेवायला. यंत्रवाला एखादं पोतं बाजूला सरकवेल अशी त्यांना खात्री आहे, आणि तो दरवर्षीचा ओळखीचा माणूस असल्यामुळे ती खात्री जास्तच आहे. मी सुट्टीवर आलोय, ओट्यावर खुर्ची टाकून बसलोय. आज शनिवार आहे हे मला कुणी सांगितलेलं नाही, पण दुपार कलल्यापासून पाय चुळबुळताहेत. तिकडं या दिवसांत फुटबॉलचा हंगाम रंगात यायला लागतो, आणि शनिवारी घरी बसून राहायची माझी सवय त्या पहिल्या हंगामानं मोडली ती मोडलीच.

तिकडं म्हणजे स्कॉटलंडमध्ये, समुद्रकाठच्या एका लहानशा गावात. माझी बायको संगीता तिथल्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाली आणि मी तिच्या मागोमाग गेलो. मोताळ्यात मी एका विनाअनुदानित शाळेत भूगोल शिकवायचो. पृथ्वी फिरते हे मुलांना सांगायचं आणि आपण जागच्या जागी राहायचं, असा तो एकूण व्यवसाय. तिकडं गेल्यावर एका गोदामात गाजरं धुऊन पिशव्यांत भरायचं काम मिळालं. आठवडाभर गाजरं आणि शनिवारी संगीताची ड्यूटी. घरात एकटं बसून भिंती बघायचा कंटाळा आला, तेव्हा एका शनिवारी खिडकीतून दिसलं की गावातली बरीचशी माणसं गळ्यात एकाच रंगाचे मफलर घालून एकाच दिशेला चालली आहेत. आमच्याकडं असं दृश्य दिसलं की एक तर मोर्चा असतो, नाही तर कुणाची तरी सभा. मी कोट चढवला आणि बऱ्यापैकी अंतर ठेवून त्यांच्या मागं निघालो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण त्या सगळ्या हंगामात ती माझ्या डोक्यावर बसलेली होती. विमानात बसायच्या आधीच संगीतानं मला स्पष्ट सांगितलं होतं, "तिकडं जाचं मी ठरवलं. तिथं राह्यचं का वापस याचं, ते तुमी ठरवा. मले दवाखान्यात मे महिन्यात सांगा लागते. तवर पाहून घ्या." संगीता जानेफळची. ती एकदा बोलली की त्यात बदल नसतो. आणि इकडं बाबा एकटे. आई गेल्यापासून ते स्वतःच चूल पेटवतात, शेजारून आत्या भाजी आणून देते. शाळेत शिपाई म्हणून अख्खी नोकरी केली त्यांनी आणि मला मास्तर केलं. परत ये, असं ते फोनवर कधीही म्हणाले नाहीत. पण तिकडचं काही वाईट सांगितलं की त्यांचा आवाज एकदम तरतरीत व्हायचा. हे माझ्या लक्षात आलं होतं. त्यामुळे मी त्या हंगामात मैदानावर जायचो तो नुसता खेळ पाहायला नाही. मी पुरावे गोळा करायला जायचो.

संशय आमच्या घरात दागिन्यासारखा पिढीजात आलाय. फरक एवढाच, की तो कधी गहाण पडला नाही. मी बुलडाण्याला बी.एड. करत होतो तेव्हा खोली शोधत एका घरी गेलो. घरमालकीण बाईंनी पाणी दिलं, पंखा लावला, खोली दाखवली, खिडकीतून डोंगर कसा दिसतो ते कौतुकानं दाखवलं. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यावर त्यांना एकदम आठवलं, की त्यांचा भाचा शिकायला येणार आहे. तो भाचा मला त्या आठवड्यात आणखी बऱ्याच घरांत भेटला. बौद्ध घरात जन्मलेल्या माणसाला हा प्रश्न लांबून येताना दिसतो. आधी गाव विचारतात, मग कुणाचे म्हणून विचारतात, मग पूर्ण नाव विचारतात. समोरचा हसत असला तरी आपण आतून सावरून बसतो. गोड बोलणाऱ्या माणसाच्या तोंडाकडं न पाहता त्याच्या पुढच्या वाक्याकडं पाहायचं, हे मी बाबांकडून शिकलो.

आणि तिकडं कुणी काही विचारीचना! गाव नाही, आडनाव नाही, पगार नाही, मूलबाळ नाही. "ऑल राइट?" एवढं म्हणायचे आणि उत्तराला न थांबता पुढं जायचे. पहिल्या पहिल्यांदा मी थांबून, "हो, तब्येत बरी आहे, जरा सर्दी आहे," असं सांगायला लागायचो, तोवर माणूस वळणापलीकडं गेलेला. आता, ज्याची चौकशीच करत नाहीत त्याच्याबद्दल लोकांचं आधीच ठरलेलं असतं, असा माझा इकडचा अनुभव. त्यामुळे न विचारलेल्या आडनावानं मला जास्तच अस्वस्थ केलं.

मैदान म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. आपल्या तालुक्याच्या बाजारापेक्षा गर्दी कमी. मध्ये हिरवंगार गवत, भोवती कंबरेएवढा लोखंडी कठडा, एका बाजूला पत्र्याचं लांबलचक छप्पर आणि ते पेलणारे लोखंडी खांब. समुद्रावरून वारा आला की पत्रे थडथडायचे. ओल्या गवताचा, तळलेल्या पिठाचा, खेळाडूंच्या पायाला चोळलेल्या मलमाचा वास एकत्र यायचा. मी कुठंही गेलो की बाहेर पडायची वाट आधी पाहून ठेवतो. छपराच्या एका टोकाला लहानसं फाटक होतं. त्या फाटकाला लागून कठड्याजवळ जागा रिकामी दिसली, मी तिथं उभा राहिलो. काही झालं तर एका उडीत बाहेर.

आणि पहिल्याच दिवशी झालं की! मध्यंतराची शिट्टी वाजली आणि डावीकडच्या गोलामागं उभे असलेले सगळेच्या सगळे लोक माझ्या दिशेनं चालायला लागले. कुणी काही बोलत नाही, कुणी पळत नाही, पण सगळे निघाले. आमच्याकडं जमाव एका दिशेला निघाला की आधी आपण निघायचं आणि कारण नंतर विचारायचं. मी फाटकातून बाहेर पडून पार रस्त्याच्या वळणापर्यंत गेलो. मागं वळून पाहतो तर कुणीच आलेलं नाही. परत येऊन डोकावलो, तेव्हा ती सगळी मंडळी उजवीकडच्या गोलामागं जाऊन निवांत चहा पीत उभी होती. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, म्हणून आपला संघ जिकडं गोल मारणार तिकडं जाऊन उभं राहायचं, हा तिथला रिवाज. हे मला पुढं कधीतरी कळलं. त्या दिवशी मात्र मी परत फाटकाजवळच्या जागेवर आलो आणि असा उभा राहिलो, जणू मी मुद्दाम पाय मोकळे करायला गेलो होतो.

त्याच दिवशी टोपीवाला पहिल्यांदा दिसला. विटकी लोकरीची टोपी, लाल नाक, अंगाला ओल्या कोटाचा आणि पेपरमिंटचा वास, वय बाबांच्या आसपासचं. खेळ सुरू व्हायच्या जरा आधी तो आला आणि माझ्या पाठीमागं घटकाभर थबकला. पाठीला डोळे नसले तरी असं थबकणं मला कळतं. मग काही न बोलता तो माझ्या डाव्या बाजूला, मी आणि खांब यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत येऊन उभा राहिला. पलीकडं एवढा मोकळा कठडा होता, आणि हा माझ्याच बगलेत का घुसतोय? मी कोटाचा खिसा हातानं दाबून धरला.

पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. मी फाटकाजवळ, तो माझ्या डावीकडं. नाव त्यानं विचारलं नाही, मीही विचारलं नाही. मनातल्या मनात मी त्याला टोपीवाला म्हणायचो, आणि हा आपल्याला कधीतरी टोपी घालणार याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. त्याची एक खोड तर फारच खटकायची. मधूनच तो सगळ्या अंगानं माझ्याकडं कलायचा. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागायचा, डोकं माझ्या कानाजवळ यायचं. मग पुन्हा सरळ. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा कलला. मी फोन आतल्या खिशात ठेवायला लागलो, घराची किल्ली मोज्यात. प्रत्येक सामन्यात मध्यंतराला तो एक पेपरमिंटची गोळी पुढं करायचा. नाही म्हणणं बरं दिसत नाही म्हणून मी घ्यायचो आणि तो मैदानाकडं वळला की खिशात टाकायचो.

संगीतानं एकदा कोट धुवायला घेतला तर खिशातून मूठभर गोळ्या निघाल्या.

"हे काय जमा करून राह्यले तुमी?"

मी सांगितलं.

"खाल्ल्या काऊन नाही?"

"अनोळखी माणूस आहे. काय असेल त्यात कुणाला माहीत."

ती कपाळाला हात लावून खाली बसली. "अहो, तुमाले आजवर तिथं कोणी काही केलं का? वाकडं बोललं? ढकललं?"

"नाही."

"मंग इतका संशय काऊन?"

"काही केलं नाही, म्हणूनच," मी म्हणालो. यावर ती खूप हसली, पण मी चेष्टा करत नव्हतो.

रविवारी बाबांना फोन लावायचा. तिकडची सकाळ, इकडची दुपार. बाबा फोन इतक्या जवळ धरायचे, की पडद्यावर त्यांचं कपाळ आणि चष्म्याची एक काच एवढंच दिसायचं. तब्येत, पाऊस, कपाशी हे झालं की त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा.

"काल गेला होता का मॅचले?"

"हाव."

"दिसते का रे तुले तिथून?"

"चांगलं दिसते बाबा. अख्खं मैदान दिसते."

"कोणी सरक नाही म्हणत?"

"नाही."

"काऊन नाही म्हणत?"

मी तिथलं गवत किती हिरवं आहे ते सांगायला लागायचो. मग तेच म्हणायचे, "ध्यान ठेवजो. बिनाकामाचं कोणी कोणाले जागा देत नाही."

बाबांचा हा प्रश्न कुठून यायचा ते मला ठाऊक होतं. त्यांच्या लहानपणी शेजारच्या गावच्या यात्रेत कुस्त्या व्हायच्या. बाबांना कुस्तीचं भयंकर वेड. ऊन डोक्यावर असतानाच जायचे, आखाड्याच्या अगदी काठाला बसायचे. डफडं वाजायला लागलं, गर्दी वाढली, की कुणीतरी पाहायचं आणि म्हणायचं, सरक बे. ते सरकायचे. मग दुसरा कुणी म्हणायचा, अजून सरक. असं सरकत सरकत कुस्ती लागायच्या वेळेला ते बैलगाड्यांच्या मागं पोचलेले असायचे. तिथून दिसायच्या फक्त पाठी. डफड्याचा ताल चढला की समजायचं, पकड लागली. लोक ओरडले की समजायचं, कुणीतरी चीत झालं. घरी येऊन मात्र आजीला सगळ्या कुस्त्या डाव-पेचांसकट सांगायचे, जणू पुढच्या ओळीत बसून पाहिल्या. हे ते आम्हाला हसत सांगायचे. मी लहान होतो तेव्हा मीही हसायचो. मोठा झाल्यावर तो किस्सा मला ऐकवेनासा झाला.

हिवाळ्यात तिकडं दुपारीच अंधारून यायचं. मैदानावरचे दिवे लागायचे आणि त्या उजेडात पाऊस तिरका दिसायचा. बोटं बधिर व्हायची. लोक मात्र यायचेच, आणि त्यांचा संघ हरायचाच. इतका नियमानं हरणारा संघ मी पाहिला नव्हता. हरल्यावर कुणी दगड मारत नव्हतं, पंचाला घरापर्यंत पोचवायची भाषा करत नव्हतं. शिव्या द्यायचे, त्याही सौम्य, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा हजर. यातही मला काहीतरी काळंबेरं वाटायचं. हरणाऱ्या माणसाच्या मागं कोण उभं राहतं? छपराच्या दुसऱ्या टोकाला चहाची टपरी होती. तिथं एक जाडजूड बाई गरम पाय विकायची. पाय म्हणजे वाटीएवढी खुसखुशीत कचोरीच म्हणा, आत मांसाचं सारण. ते नेमकं कशाचं आहे हे विचारायचं धाडस मला झालं नाही आणि न विचारता खायचं तर मुळीच झालं नाही. मी चहा घ्यायचो.

डिसेंबरात एक दिवस गोदामातून घरी येताना एका गाडीची काच खाली झाली आणि आतून एक पोरगा ओरडला, आपल्या देशात चालता हो. गाडी निघून गेली. मी तिथंच उभा राहिलो. वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर त्याबरोबर एक विचित्र हायसंही वाटलं. हां, म्हणजे आहे. माझं चुकत नव्हतं. त्या रविवारी मी बाबांना ते इत्थंभूत सांगितलं. बाबांनी दोनदा विचारलं, नेमकं काय म्हणला, कसा म्हणला. फोन इतका जवळ होता की त्यांचा डोळा चमकताना दिसला. शेवटी म्हणाले, "मी तुले म्हणलोच होतो." किती दिवसांनी त्यांचा आवाज इतका खणखणीत ऐकला. मी मनाशी ठरवूनच टाकलं. मे महिन्यात संगीताला सांगायचं, परत जाऊ. कारण मागितलं तर हे आहेच.

फक्त हंगाम अर्धा राहिला होता, म्हणून मी जात राहिलो. मला खेळ थोडा थोडा समजायला लागला होता, हेही आहेच. ऑफसाइड म्हणजे काय ते एकदा डोक्यात शिरलं, की माणूस पंचाला मनातल्या मनात मराठीत शिव्या द्यायला लागतो. एकदा माझ्या तोंडून मोठ्यानं निघाली. टोपीवाल्यानं माझ्याकडं पाहिलं, मान डोलावली आणि त्याच्या भाषेतली एक जोडून दिली. आमच्यात झालेलं तोवरचं सगळ्यात लांब संभाषण ते.

एप्रिलात, हंगामाच्या अगदी शेवटी शेवटी, मी मध्यंतराला चहा घ्यायला गेलो. त्या दिवशी गर्दी कमी होती. टपरीवालीनं कप पुढं करताना विचारलं, "तूच ना तो, त्याच्या जागेवर उभा राहणारा?"

निघालं शेवटी. "कुणाच्या जागेवर?"

तिनं हनुवटीनं टोपीवाल्याकडं दाखवलं. मग हसत हसत, ग्राहकांना सुटे पैसे देत देत तिनं जे सांगितलं ते असं. फाटकाजवळची ती जागा त्याची. लहानपणी तो बापाचं बोट धरून तिथं यायचा, बाप गेल्यावर एकटा. इथं कुणाचं नाव लिहिलेलं नसतं, पण कुणाचं कोपर कठड्यावर कुठं टेकतं हे सगळ्यांना माहीत असतं आणि तिथं दुसरं कुणी उभं राहत नाही. "तू आलास त्या पहिल्या दिवशी आम्ही इथून बघत होतो," ती म्हणाली. "म्हटलं आता हा काय करतो. तर जाऊन उभा राहिला खांबाला खेटून. तिथून दिसतं कुणाला! डावीकडचा गोल सगळा खांबाआड. म्हणून तर वाकून वाकून बघत असतो बिचारा."

चहा घेऊन मी जागेवर आलो नाही. छपराच्या मागंच उभा राहिलो. मला आधी राग आला. मनापासून राग आला. मला कुणी विचारलं होतं का? न सांगता माझ्यावर हा उपकार कशाला लादला? सगळं मैदान ऑगस्टपासून पाहत होतं, की हा काळा माणूस म्हाताऱ्याच्या जागेवर ठाण मांडून बसलाय, आणि मला एकट्यालाच माहीत नव्हतं. दयाच आली असेल त्याला. दया म्हणजे तर आडनाव विचारण्यापेक्षाही वाईट. उरलेला सामना मी पाहिलाच नाही, घरी गेलो. संगीताला काही सांगितलं नाही. आठवडाभर गाजरं भरता भरता त्या म्हाताऱ्याचा खांदा माझ्या खांद्याला लागत राहिला.

पुढच्या शनिवारी शेवटचा सामना होता. मी लवकर गेलो आणि त्याच्या जागेवर, म्हणजे त्या खांबाला खेटून, उभा राहिलो. फाटकाजवळची जागा रिकामी ठेवली. टपरीवाली खरं बोलली होती. डावीकडचं मैदान खांबानं अर्ध्यात कापलं होतं. दुसऱ्या गावचे खेळाडू सराव करत होते, चेंडू तिकडं गेला की नाहीसाच व्हायचा. जाळ्याचा आवाज आला की समजायचं, गेला आत. मला बाबा आठवले. बैलगाड्यांच्या मागं, डफड्याच्या तालावरून कुस्ती पाहणारा तो पोरगा आठवला. या म्हाताऱ्याला तर कुणी सरकही म्हटलं नव्हतं. तो आपल्या पायांनी इथं आला होता, आणि हंगामभर दर शनिवारी नव्यानं येत होता. माझे डोळे भरून आले. वारा होता, म्हणून बरं झालं.

टोपीवाला आला. रिकाम्या जागेकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग टपरीच्या दिशेनं एक जळजळीत नजर टाकली.

"तिनं सांगितलं?"

मी मान डोलावली. मग तोडक्यामोडक्या इंग्रजीत, आवाज नको इतका चढवून, मी विचारलं, की तू का नाही सांगितलंस? एक शब्द बोलला असतास तर झालं असतं.

"सांगितलं असतं तर तू सरकला असतास," तो म्हणाला. मग त्यानं नाक पुसलं. "आणि आमचा हा संघ असा, की एक गोल नाही दिसला तरी बरंच असतं."

एवढं बोलून त्यानं माझ्या बाहीला धरून मला खांबापासून ओढलं आणि दोघं त्या एका जागेत कसेबसे उभे राहिलो, कोपराला कोपर लावून. दोघांनाही नीट दिसत नव्हतं, दोघांनाही अर्धं अर्धं दिसत होतं. त्याचा संघ हरला. त्यानं गोळी दिली, मी ती तिथंच तोंडात टाकली. फारच तिखट होती.

एक म्हातारा म्हणजे देश नव्हे, हे मला कळतं. गाडीतला तो पोरगाही त्याच गावचा. मी आजही फोन आतल्या खिशातच ठेवतो. पण पुराव्यांची माझी जी काही फाईल मनात तयार झाली होती, तिचं आता काय करायचं ते मला सुचेना. त्या रात्री संगीताला सगळं सांगितलं. ती हसली नाही. "बाबाले सांगा," एवढंच म्हणाली.

रविवारी फोन लावला. मोताळ्यात मे महिन्याचं ऊन लागलं होतं. बाबा उघड्या अंगानं दारात बसले होते, खांद्यावर ओला पंचा. मी सुरुवातीपासून सांगितलं. जागा कुणाची होती, खांब कुठं होता, तो का कलायचा, मी विचारल्यावर काय म्हणाला. मला वाटत होतं बाबा मध्येच तोडतील. त्यात काहीतरी खोट काढतील. खरं सांगू? मी वाटच पाहत होतो. त्यांनी एक खोट काढली असती तर मी त्याच महिन्यात सामान बांधलं असतं.

"खांबामांगं उभा राह्यला तो?" बाबांनी विचारलं.

"हाव."

"किती दिवस?"

"मी गेलो तवापासून. हंगामभर."

"आन तुले सरक नाही म्हणला?"

"नाही म्हणला."

"एकडावही?"

"एकडावही नाही, बाबा."

बाबांनी फोन खाली ठेवला असावा, कारण मला फक्त घराचे पत्रे दिसायला लागले. पंचा झटकल्याचा आवाज आला, खाकरल्याचा आवाज आला. मग पुन्हा चष्म्याची ती एक काच पडद्यावर आली.

"मंग राह्य तिथं," बाबा म्हणाले. "माह्यं होऊन जाते इकडं."

आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी फोन ठेवून दिला.